कठीण काळातील शेजारधर्म

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासन विभागाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही आपल्यासमोर जमाखर्च मांडतो. बाह्यरुग्ण किती तपासले, शस्त्रक्रिया किती झाल्या, औषधांवर खर्च किती झाला आणि आपल्या देणग्यांचा विनियोग कसा झाला, हा सर्व तपशील लेखापरीक्षकांच्या प्रमाणपत्रासह याच अहवालात दिलेला आहे. तो पुन्हा वाचून आपला वेळ घेत नाही. वाणिज्य शाखेत शिकून आयुष्यभर हिशेब सांभाळलेल्या माणसांना आकडे सोडून बोलणे कठीण जाते. तरीही आज अशा एका विषयावर बोलावयाचे आहे, ज्याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. गेल्या काही वर्षांत अमरावती-अकोला परिसराने जे कठीण प्रसंग पाहिले, त्या प्रसंगी आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांशी आपण कसे वागलो आणि यापुढे कसे वागावे, हा तो विषय आहे.

रुग्णालयाच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असे काहींना वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे येणारे रुग्ण बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, अचलपूर, बाळापूर अशा सर्व बाजूंनी येतात. वऱ्हाडातील ही सर्व गावे हिंदू आणि मुस्लिम वस्त्यांची मिळून बनलेली आहेत. कापसाच्या बाजारात, संत्र्याच्या बागांच्या सौद्यात, गॅरेजमध्ये, शिवणाच्या यंत्रावर हे दोन्ही समाज रोज एकमेकांच्या गरजेचे असतात. गावात तेढ निर्माण झाली की तिची झळ दुसऱ्या दिवशी आमच्या नोंदणी खिडकीवर दिसते. म्हणून हा विषय आमच्या कामाच्या बाहेरचा आहे, असे आम्हाला वाटत नाही.

घडलेल्या गोष्टींची उजळणी सुखद नाही, परंतु ती करणे भाग आहे. मार्च २०२० मध्ये दिल्लीतील तबलिगी मरकजच्या कार्यक्रमानंतर करोनाच्या प्रसाराचा ठपका एका संपूर्ण समाजावर ठेवला गेला. देशात अनेक ठिकाणी मुस्लिम भाजीविक्रेत्यांना गल्लीत येण्यास मज्जाव झाला. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यासाठी निवडले गेले असण्याची शक्यता नमूद केली. तोपर्यंत पाच महिने लोटले होते, आणि हातगाडी परत फिरवावी लागलेल्या माणसाचे नुकसान कोणत्याही निकालाने भरून येणारे नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट आली, तेव्हा अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत राज्याच्या बऱ्याच भागाआधी पुन्हा टाळेबंदी लागली. त्या वेळी प्राणवायूच्या खाटेसाठी थांबलेल्या रांगेत कोण कोणत्या वस्तीतून आला आहे, हे विचारण्याचे त्राण कोणालाच उरले नव्हते.

त्यानंतर १२ नोव्हेंबर २०२१ रोजी त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ अमरावतीत मुस्लिम संघटनांनी काढलेल्या मोर्चाच्या वेळी दुकानांवर दगडफेक झाली. तिच्या निषेधार्थ दुसऱ्या दिवशी पुकारलेल्या बंदच्या वेळी पुन्हा दगडफेक आणि जाळपोळ झाली. शहरात संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. एप्रिल २०२२ मध्ये अचलपुरात झेंड्यांवरून वाद होऊन संचारबंदी लागू करावी लागली. २१ जून २०२२ रोजी अमरावतीत एका औषधविक्रेत्याची हत्या झाली आणि तिचा तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. १३ मे २०२३ रोजी समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल उसळली. तीत एका नागरिकाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले.

या प्रसंगांत रुग्णालयाच्या आतून आम्हाला काय दिसले, ते थोडक्यात सांगतो.

संचारबंदी लागली की जखमींची संख्या वर्तमानपत्रांत येते. ज्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस घ्यावे लागते आणि जो घराबाहेर पडू शकला नाही, तो कोणत्याही यादीत येत नाही. नववा महिना लागलेली स्त्री, इन्सुलिन संपलेली वृद्धा, ताप उतरत नसलेले मूल, हे सारे त्या यादीबाहेरचे. इंटरनेट बंद झाले की महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या ऑनलाइन मंजुरीचे काम अडते. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय झालेल्या माणसाच्या खिशात औषधापुरतीही रोकड नसते. ही अडचण सर्व धर्मांच्या रुग्णांना सारखीच असते. मात्र संचारबंदी उठल्यानंतर एक फरक उरतो, आणि तो आम्हाला दूरध्वनीवर ऐकू येतो. मुस्लिम वस्तीतील रुग्णांचे नातेवाईक आधी फोन करून विचारतात, “आज आलो तर चालेल का?”

रुग्णालयात येण्यासाठी कोणाला परवानगी मागावी लागू नये. दूरध्वनीवर बसणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना त्या दिवसांत एवढेच सांगितले होते की, अशा फोनवर लांबलचक धीर देत बसू नका. तपासणीची वेळ सांगा, कोणता डॉक्टर बसला आहे ते सांगा, जुनी फाईल आणि गोळ्यांची पाकिटे सोबत आणायला सांगा. नेहमीच्या माणसाला जे सांगतो ते सगळे सांगितले, म्हणजे समोरच्याला कळते की आपण येथे नेहमीचेच आहोत. आमच्या अनुभवात भयभीत माणसाला याहून मोठा दिलासा नसतो.

त्याच सुमारास स्त्रियांच्या सामान्य कक्षात एक प्रसंग घडला. एका रुग्णाच्या सूनबाईंनी सासूबाईंची खाट बदलून मागितली, कारण शेजारच्या खाटेवर एक मुस्लिम वृद्धा होती. कक्षातील सिस्टरनी त्यांना उपदेश केला नाही. या कक्षात खाटा आजारानुसार दिल्या जातात, आणि दोन्ही रुग्णांना ऑक्सिजनच्या जोडणीजवळ ठेवणे आवश्यक आहे, एवढेच त्यांनी शांतपणे सांगितले. खाट बदलली गेली नाही. दोन रात्रींनंतर शेजारच्या वृद्धेचे सलाईन संपत आले, तेव्हा सिस्टरला उठून हाक मारणाऱ्या त्याच सूनबाई होत्या. त्यांची मते बदलली, असा दावा आम्ही करणार नाही. भिंत घातली असती तर ती हाक मात्र आली नसती.

दुसरा प्रसंग देणगीचा आहे आणि तो देणगीदारांच्या या सभेत सांगणे आम्हाला योग्य वाटते. एका सद्गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ एका खाटेचा खर्च देण्याची इच्छा व्यक्त केली. रक्कम लहान नव्हती. अट अशी होती की, त्या खाटेवर मुस्लिम रुग्णास ठेवू नये. विश्वस्तांनी त्यांच्या पितृभक्तीचा आदर करून अट स्वीकारण्यास नम्रपणे नकार दिला. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेली योजना आम्ही त्यांना समजावून सांगितली. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात आणि निर्धन रुग्ण निधीसाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळी काढावी लागते. या योजनेत रुग्णाचे उत्पन्न पाहिले जाते, धर्म पाहिला जात नाही. ती देणगी आजतागायत आलेली नाही. तिच्याविना त्या वर्षी आमची ओढाताण झाली, हेही येथे नमूद करतो. तरीही विश्वस्तांचा निर्णय योग्य होता असे आमचे मत आहे. धर्मादाय या शब्दाचा अर्थ आपल्यापुरता आकुंचित केला, तर या इमारतीवरील पाटी खोटी ठरेल.

जून २०२२ मधील हत्येनंतर सर्वांत कठीण प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. औषधविक्रेता हा रुग्णालयाच्या कुटुंबातीलच माणूस असतो. त्या घटनेचे दुःख आणि संताप आमच्या औषध विभागात, कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात उघडपणे बोलला जात होता. तो संताप चुकीचा होता असे कोणीही म्हणू नये. एका निरपराध माणसाचा जीव गेला होता, एक घर उघडे पडले होते. त्या घराबद्दलची आपली सहानुभूती तसूभरही कमी न करता दुसरी एक गोष्ट सांभाळावयाची होती. सकाळी झाडू मारणारी, एक्स-रे काढणारा, रुग्णवाहिका चालवणारा आपला मुस्लिम सहकारी त्या गुन्ह्याचा वारसदार नव्हता. गुन्ह्याचे उत्तरदायित्व गुन्हेगाराचे आणि न्याय देण्याचे काम न्यायालयाचे. आडनाव किंवा वस्ती पाहून ते उत्तरदायित्व वाटता येत नाही. “तुम्ही या घटनेचा निषेध करता ना?” असा प्रश्न आपल्या सहकाऱ्याला कामाच्या जागी विचारला जाणार नाही, अशी सूचना त्या वेळी सर्व विभागप्रमुखांना देण्यात आली. दुसऱ्या कोणालाही आपण असा प्रश्न विचारत नाही. मग त्यालाच का विचारावा?

आता एक वेगळे उदाहरण. मे २०२० मध्ये करोनाने मृत्यू पावलेल्यांच्या जवळ जाण्यास सख्खे नातेवाईकही धजावत नव्हते. त्या काळात अकोल्यातील कच्छी मेमन जमातचे कार्यकर्ते पुढे आले. त्यांनी मुस्लिम मृतांचे दफन तर केलेच, परंतु ज्यांचे आप्त येऊ शकले नाहीत किंवा आले नाहीत, अशा हिंदू मृतांवरही त्यांच्या धर्माच्या रीतीप्रमाणे अग्निसंस्कार केले. हे ऐकून कोणाही सहृदय माणसाचे मन भरून येईल. वऱ्हाडाने ही गोष्ट विसरू नये.

मात्र येथे हिशेबाच्या माणसांना सहज होणारा एक मोह टाळला पाहिजे. त्यांनी आपल्यासाठी एवढे केले, म्हणून आपणही त्यांच्यासाठी काही करावे, असे आपण म्हणू लागलो तर माणुसकी उधारीची होते. मग ज्याने काहीच केलेले नाही त्याच्या नावे बाकी शिल्लक दिसू लागते. ज्या मुस्लिम शेजाऱ्याने कोणावर अंत्यसंस्कार केले नाहीत, जो कोणत्याही समितीत नाही, जो दिवसभर पोती वाहून संध्याकाळी घरी जातो आणि कोणाशी फारसे बोलतही नाही, त्याचाही आपल्या सद्भावनेवर तितकाच अधिकार आहे. थोर माणूस असल्याचे सिद्ध केल्यावरच एखाद्याला सामान्य वागणूक मिळणार असेल, तर तो न्याय होत नाही. आजच्या भाषणातील एकच वाक्य लक्षात ठेवावयाचे असेल, तर हे ठेवावे अशी विनंती आहे.

ही शिकवण आम्ही बाहेरून आणलेली नाही. गाडगेबाबांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला, बालपण अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात गेले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांनी देह ठेवला. म्हणजे ते आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे. लोकांकडून मिळालेला पैसा त्यांनी धर्मशाळा आणि अन्नछत्रांत घातला, स्वतः मात्र अंगावरच्या चिंध्यांवर समाधानी राहिले. मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सर्वधर्मीयांना सामावणारी सामुदायिक प्रार्थना गावोगावी नेली. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीत तपोवन उभे केले, तेव्हा कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत असत. भीतीपोटी माणसाने माणसाला वस्तीबाहेर काढण्याचा तो काळ होता. पटवर्धनांनी अशा माणसांना घर दिले, काम दिले. समाजाची भीती ओसरेपर्यंत थांबण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. आपल्यासारख्या लहान संस्थेला या थोरांच्या पंक्तीत बसण्याची आकांक्षा नाही, परंतु त्यांच्याच मातीत आपण काम करतो याचे भान असले पाहिजे.

या भानातून रुग्णालयाने काही साधे नियम केले आहेत, आणि त्यांत कोणा एका समाजावर उपकार नाही. रमजानच्या महिन्यात उपवास करू इच्छिणाऱ्या मधुमेही रुग्णास आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर आधीच बोलावून औषधांच्या वेळा ठरवून देतात, आणि ज्याला उपवास धोक्याचा आहे त्याला तसे स्पष्ट सांगतात. चातुर्मासातील उपवासांसाठीही हीच पद्धत आहे. मृत्यूनंतर दफन लवकर करण्याची रीत लक्षात घेऊन कागदपत्रे विनाविलंब पूर्ण करण्याची सूचना रात्रपाळीस दिलेली आहे. तिचा लाभ सूर्यास्तापूर्वी अंत्यविधी करू इच्छिणाऱ्या हिंदू कुटुंबांनाही झाला. स्त्री रुग्णांच्या तपासणीसाठी पडदा आणि स्त्री परिचारिका यांची व्यवस्था सर्व जातिधर्मांच्या भगिनींसाठी आहे. नोंदणी खिडकीवर प्रत्येकाचे नाव नीट विचारून, नीट लिहून, नीट उच्चारून पुकारले जावे, यावर आम्ही कटाक्ष ठेवतो. नावाचा चुकीचा किंवा चेष्टेचा उच्चार हा अपमानच असतो.

जखमींच्या बाबतीत तर कायद्यानेच आपले हात बांधलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. आलेल्या जखमीवर पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता तातडीने उपचार करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. अकोल्याच्या २०२३ मधील दंगलीत जखमी झालेल्या एका अल्पवयीन मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवला गेला नाही, हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर २०२५ मधील निकालात न्यायालयाने म्हटले की, गणवेश चढवल्यावर पोलिसांनी धर्म, वंश, जात यांविषयीचे आपले वैयक्तिक ग्रह बाजूला ठेवले पाहिजेत. हे वचन पोलिसांसाठी असले, तरी गणवेश आमचे वॉर्डबॉय, परिचारिका आणि डॉक्टरही घालतात. आम्ही ते आमच्यासाठीही मानले आहे.

आता आपल्याकडे काही मागणे आहे. आज या सभागृहात बसलेली बहुसंख्य मंडळी हिंदू कुटुंबांतील आहेत, म्हणून मागणे आपल्यापासून सुरू करतो. मुस्लिम विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णकुटुंबे यांनीही ते आपल्या परीने आपले मानावे. दगड कोणाच्याही हातून सुटो, ज्या घरावर तो पडला त्या घरी जाणे दोघांचेही कर्तव्य आहे.

पहिले मागणे भ्रमणध्वनीविषयी आहे. अकोल्याची आग एका मजकुरापासून पेटली. ज्या मजकुराची खात्री नाही तो पुढे पाठवू नये, आणि घरातील तरुणांना तसे स्पष्ट सांगावे.

दुसरे मागणे व्यवहाराविषयी आहे. तणावाच्या काळात नेहमीचा भाजीवाला, ऑटोवाला, शिंपी, गॅरेजवाला बदलू नये. हातावर पोट असणाऱ्याच्या घरी आठ दिवस गिऱ्हाईक आले नाही, की नवव्या दिवशी औषध बंद होते. ते अर्धवट सोडलेले उपचार घेऊन तो रुग्ण आमच्याकडे येतो, तेव्हा आजार दुप्पट झालेला असतो.

तिसरे मागणे असे की, संचारबंदी लागल्यावर आपल्या परिचयातील एका तरी मुस्लिम कुटुंबाला स्वतःहून फोन करावा. फार बोलण्याची गरज नाही. दूध आहे का, गोळ्या आहेत का, कोणाला दवाखान्यात न्यायचे आहे का, एवढे विचारावे. शांतता प्रस्थापित झाल्यावर भरणाऱ्या सभांना त्यांचे महत्त्व आहेच, परंतु त्या रात्री आलेला फोन माणूस विसरत नाही.

चौथे आणि शेवटचे मागणे रुग्णालयाच्या कामाशी थेट जोडलेले आहे. संचारबंदीच्या काळात डायलिसिसचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि रक्तदाते यांची ने-आण करण्यासाठी आम्ही स्वयंसेवकांची यादी तयार करीत आहोत. प्रत्येक गाडीत शक्यतो दोन स्वयंसेवक असावेत, एक हिंदू आणि एक मुस्लिम, म्हणजे कोणत्याही वस्तीत शिरताना कोणालाही संकोच वाटणार नाही. पोलिसांकडून पास मिळवण्याची आणि इंधनाची जबाबदारी रुग्णालय घेईल. ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांनी वाहन, ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी वेळ द्यावा. या खर्चासाठी पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळासमोर ठेवला आहे. त्यासाठी येणारी लहानात लहान देणगीही स्वीकारली जाईल, परंतु ती कोणत्याही अटीविना असावी.

अशी वेळ पुन्हा येऊ नये आणि ही यादी कपाटातच पडून राहावी, हीच आमची प्रार्थना आहे. तरीही ती तयार असली पाहिजे. नोंदणीचे अर्ज बाहेर स्वागत कक्षात ठेवले आहेत. सभा संपल्यावर घरी जाण्यापूर्वी ते भरून द्यावेत, ही नम्र विनंती.